तिरकस व्याख्या (सीमाभाग)

रोजच्या वापरातल्या शब्दाला कोशाच्या थाटात मुद्दाम वाकडा अर्थ देण्याचा प्रकार. दिवाळी अंक आणि कॉलेजातली शेलापागोटी यांमुळे तो सर्वांच्या ओळखीचा आहे.

उगम दोन ठिकाणी शोधता येतो : एकीकडे उखाणे व भारुडे, दुसरीकडे इंग्रजी कोश. सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या कोशात ओट म्हणजे इंग्लंडात घोड्यांना घालतात व स्कॉटलंडात माणसे खातात ते धान्य, असे लिहिले. अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्सच्या अशा व्याख्या १९०६मध्ये पुस्तकरूपाने आल्या. भारुडात रूपक असते. शब्द, लिंग, अर्थ ही चौकट नसते. ती मराठी वाचकाच्या अंगवळणी पडली ती मोल्सवर्थ (१८३१) व नंतरच्या छापील कोशांमुळे. म्हणून दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो.

रचना तर्कशास्त्राने नीट उलगडते. लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, दोष तीन. ‘पाहुणा (पु.) : ताटे वाढल्यावर येणारा माणूस’ ही अव्याप्ती, कारण बाकीचे पाहुणे सुटतात. ‘छत्री (स्त्री.) : दुसऱ्याच्या घरी विसरायची वस्तू’ ही अतिव्याप्ती, डबाही त्यात बसतो. हे दोन्ही दोष हसवतात. तिसरा, असंभव, हसवत नाही : गायीला एकच खूर असतो म्हटले, तर ओळखीचे काहीच हाती लागत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे दोन भाषा कानावर असल्याने चौथी वाट मिळते. ‘हाल’ मराठीत सोसायचे. कन्नडमध्ये ‘हालु’ प्यायचे, म्हणजे दूध. याहून सरस ‘मनी’. मराठीत मनात, उत्तर कर्नाटकाच्या बोलीत घर (प्रमाण कन्नड ‘मने’). त्यावरून : ‘मनीचे मांडे (पु. अव.) : इतरत्र नुसते कल्पनेत, बेळगावात ताटात.’ उपड्या तापल्या खापरावर भाजलेला, साखर-खव्याच्या सारणाचा, घडी घातलेला मांडा ही बेळगावची खरी ओळख असल्याने व्याख्या दोन्ही भाषांत खरी ठरते. या प्रकारातला हा उत्तम नमुना मानावा.

व्याख्या बिघडते ती बहुधा शेपटामुळे. कलाटणीचा शब्द शेवटीच हवा. त्यापुढे एक शब्द वाढला तरी धार जाते. लिंगदर्शक ‘(पु.)’ गाळले की ती म्हणीसारखी वाचली जाते. माणसाचे नाव घातले की निंदा होते. कन्नड न येणाऱ्या वाचकासाठी शब्दार्थ व्याख्येच्या आधीच्या वाक्यात द्यावा, नंतर देऊ नये.