जाम नट, गंज आणि तेलाला लागणारा वेळ

जुन्या काळ्या सायकलचा क्रँक, म्हणजे पायडल धरणारा दांडा, उतरवायचा म्हटलं की गाठ पडते ती कॉटर पिनेशी. क्रँक आणि धुरा यांना घट्ट धरून ठेवणारी, एका बाजूने तासलेली ही लोखंडी पाचर. तिने वीस-तीस पावसाळे काढले असतील तर ती जागची हलत नाही. कोकणात तर विचारायलाच नको, खाऱ्या हवेतली क्लोराइडं गंजाचा वेग आणखी वाढवतात. अशा वेळी हात आधी मोठ्या हातोड्याकडे जातो. माझं आग्रहाचं सांगणं एवढंच की आधी तेल सोडा, आणि त्याला वेळ द्या.

गंज म्हणजे लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी यांचं संयुग. तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. नट-बोल्टच्या आट्यांमधली फट मुळात मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी असते. तिथे गंज फुगला की तो दोन्ही बाजूंना रेटत राहतो. मग पान्यावर कितीही जोर लावा, नटाचे कोपरे गोल होतात, नाहीतर बोल्ट तुटतो.

तेलाने गंज विरघळतो असा समज आहे, पण गंज सोडवायच्या बहुतेक तेलांना ते जमत नाही. गंज सच्छिद्र असतो. त्या बारीक छिद्रांतून तेल केशाकर्षणाने आत ओढलं जातं आणि घर्षण कमी करतं. अशा फटीत द्रव किती वेगाने शिरतो याचं गणित लुकास (१९१८) आणि वॉशबर्न (१९२१) या शास्त्रज्ञांनी मांडलं. शिरलेलं अंतर वेळेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतं. समजा, पंधरा मिनिटांत तेल दोन मिलिमीटर आत गेलं, तर चार मिलिमीटरला एक तास लागेल आणि आठ मिलिमीटरला चार तास. तेल टाकून दहा मिनिटांत पाना लावणाऱ्याच्या हाती म्हणूनच काही लागत नाही.

याच गणितात तेलाचा दाटपणाही येतो. इंजिन ऑइल साध्या तापमानाला रॉकेलच्या शंभरपट किंवा त्याहूनही दाट असतं, म्हणून तेवढंच अंतर जायला त्याला तितकाच जास्त वेळ लागतो. रॉकेल झरझर शिरतं, पण त्याच्यात वंगणपणा कमी. म्हणून रॉकेलमध्ये थोडं तेल मिसळायची जुनी पद्धत शास्त्राला धरूनच आहे. बाजारातले स्प्रे हेच करतात: पातळ द्रावक तेलाला आत नेतं आणि स्वतः उडून जातं. त्यातला प्रसिद्ध डब्ल्यूडी-४० हा १९५३ मध्ये सॅन डिएगोत तयार झाला, तोही पाणी हटवून गंज टाळण्यासाठी. अमेरिकेच्या ॲटलास क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर तो वापरला गेला.

तेल टाकल्यावर अधूनमधून हलके ठोके द्यावेत. गंज ठिसूळ असतो, त्याला तडे जातात आणि तेलाला नव्या वाटा मिळतात.

उष्णताही कामी येते. आठ मिलिमीटर भोकाचा पोलादी नट १५० अंशांनी तापवला तर भोक सुमारे १४ मायक्रॉनने वाढतं, म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण पाचवा भाग. तेवढंही पुरतं. मात्र तेल लावलेल्या जागी ज्योत कधीही नेऊ नका. तापवायचं ते तेलाच्या आधी.

पोलादी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची सीटची दांडी अडकली असेल तर सगळा सांधा तापवून उलटंच होतं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं आणि दांडी आणखी आवळली जाते. तिथे दांडी बर्फाने थंड करावी. आणि डावं पायडल काढताना आटे उलटे असतात हे ध्यानात ठेवा. नाहीतर सगळा जोर आवळण्यातच जातो.

कॉटर पिनेला रात्रभर तेल पाजलं की नट पिनेच्या टोकाशी समपातळीत येईपर्यंत सैल करा, म्हणजे आटे चेपणार नाहीत. क्रँकखाली, पिनेच्या डोक्याभोवती बसेल असा लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीवर उभा टेकवा. आधार नसेल तर ठोक्याचा मार बेअरिंगच्या छर्ऱ्यांना आणि वाटीला बसतो. मग नटावर एकच सरळ, नेमका ठोका. पिन सुटली की जुनी फेकून नवी बसवा. बीबीत (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे धुरा आणि बेअरिंग असलेल्या नळीत) रॉकेल उतरलं असेल तर आतलं ग्रीसही धुऊन गेलेलं असतं, तेही नव्याने भरा.