एअरबॅग: पिशवी आधी सुचली, धडक ओळखायला चाळीस वर्षं लागली

गाडीची किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर एक छोटा दिवा लागतो. त्यात पट्टा बांधून बसलेला माणूस असतो आणि त्याच्या पुढ्यात एक मोठा गोळा. काही सेकंदांत दिवा विझतो. सेकंडहँड गाडी बघायला गेलो की मी इंजिनाच्या आवाजाआधी या दिव्याकडे बघतो. विझला नाही तर गडबड आहे. मुळात लागलाच नाही तर आणखी मोठी गडबड, कारण उघडून गेलेल्या एअरबॅगचा खर्च वाचवायला कुणीतरी दिव्याचीच वायर काढलेली असू शकते.

त्या काही सेकंदांत गाडी स्वतःला तपासत असते. एअरबॅगच्या इतिहासात सगळ्यात शेवटी जमलेली गोष्ट या तपासणीशी जोडलेली आहे. पिशवी फुगवण्याची कल्पना मात्र फार जुनी.

१९५२ सालच्या वसंतात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जॉन हेट्रिक नावाचे एक तंत्रज्ञ रविवारी बायको आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन फिरायला निघाले होते. गाडी १९४८ची क्रायस्लर विंडसर. एक चढ संपला आणि समोर रस्त्यात मोठा दगड. ब्रेक मारून त्यांनी गाडी वळवली, ती कडेच्या चरात गेली. त्या क्षणी नवरा-बायको दोघांनीही मुलीपुढे हात आडवा धरला. (आपल्याकडेही करकचून ब्रेक लागला की शेजारी बसलेल्या आईचा हात असाच आडवा येतो, मग मूल सात वर्षांचं असो की सत्तावीस.) कुणाला काही झालं नाही, पण हेट्रिक यांच्या डोक्यात एकच विचार राहिला: त्या हाताच्या जागी काहीतरी आपोआप पुढे यायला हवं.

महायुद्धात ते नौदलात होते. टॉर्पेडोची दुरुस्ती चालू असताना दाबाखालची हवा अचानक सुटून त्यावरचं कॅनव्हासचं आवरण थेट छताला जाऊन भिडलेलं त्यांनी पाहिलं होतं. त्या आठवणीवरून त्यांनी आराखडा काढला. ऑगस्ट १९५२मध्ये अर्ज केला, १८ ऑगस्ट १९५३ला पेटंट मिळालं. दाबाखालच्या हवेची टाकी, स्टिअरिंगवर आणि डॅशबोर्डमध्ये घडी घालून ठेवलेल्या पिशव्या, आणि स्प्रिंगवर बसवलेलं एक वजन. गाडीचा वेग एकदम तुटला की वजन पुढे सरकणार, झडप उघडणार, पिशव्या फुगणार. जर्मनीत म्युनिकच्या वॉल्टर लिंडरर यांनी अशाच कल्पनेसाठी १९५१च्या ऑक्टोबरमध्येच अर्ज केला होता. त्यांना पेटंट मिळालं ते १९५३च्या नोव्हेंबरमध्ये. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता.

हेट्रिक यांना गाडी कंपन्यांनी दाद दिली नाही. त्या वेळी अमेरिकेत पेटंटची मुदत मंजुरीपासून १७ वर्षं असे, म्हणजे १९७०ला त्यांचा हक्क संपला, आणि एअरबॅगच्या गाड्या ग्राहकांना मिळू लागल्या त्या त्यानंतर. कंपन्यांना दोष देणं सोपं आहे, पण खरं सांगायचं तर तो आराखडा चालला नसता. भिंतीवर आदळलेल्या गाडीची धडक सुमारे एक दशांश सेकंदात आटोपते. त्यातल्या पहिल्या १५-२० मिलिसेकंदांत ‘ही धडकच आहे’ हे ठरवायचं आणि पुढच्या ३० मिलिसेकंदांच्या आसपास पिशवी भरायची. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. टाकीतली हवा झडपेतून एवढ्या झटपट येत नाही.

हवेचा प्रश्न रसायनशास्त्राने सोडवला. १९६८च्या सुमारास अमेरिकेतले रसायनतज्ज्ञ जॉन पिट्झ यांनी सोडियम अझाइड आणि धातूच्या ऑक्साइडची वडी वापरली. ती पेटली की क्षणात नायट्रोजन तयार होतो. म्हणजे एअरबॅग फुगवणारी वस्तू एक छोटासा बंदिस्त स्फोट आहे, आणि ती आपल्या छातीपासून हातभर अंतरावर बसवलेली असते. मग ती कधी पेटावी हे कोण ठरवतं, हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा होतो.

करकचून ब्रेक मारला तरी वेग घटण्याचा दर जेमतेम एक ‘जी’पर्यंत (म्हणजे पृथ्वीच्या ओढीइतका) जातो, धडकेत तो कित्येक पटींनी वाढतो. तरीही नुसता धक्का किती मोठा यावर भागत नाही. खड्ड्यात चाक आपटलं, फुटपाथला बंपर लागला, तर धक्का जोराचा पण क्षणिक असतो. धडकेत तो टिकून राहतो. हा फरक ओळखणारं स्वस्त, भरवशाचं यंत्र ॲलन ब्रीड यांनी १९६७-६८च्या सुमारास आणलं. ते मूळचे तोफगोळा कधी फुटावा हे ठरवणाऱ्या फ्यूजचं काम करणारे, त्यामुळे ‘योग्य वेळीच फुटणं’ हा त्यांच्या धंद्याचाच विषय.

त्यांचं यंत्र हातात घेऊन बघण्यासारखं आहे. बोटाएवढी नळी, तिच्या एका टोकाला लोहचुंबक, आणि चुंबकाला चिकटलेली पोलादी गोळी. समोरच्या टोकाला दोन विजेचे स्पर्शबिंदू. गाडी आदळली की गोळी चुंबकापासून सुटून पुढे धावते, दोन बिंदूंना टेकते आणि मंडल पूर्ण होतं. यातली खरी कारागिरी गोळी आणि नळीमधल्या केसभर फटीत आहे. गोळीला पुढे जायचं तर समोरची हवा त्या फटीतून मागे सरकायला हवी, आणि त्याला वेळ लागतो. खड्ड्याचा झटका तेवढ्यात संपतो आणि चुंबक गोळीला परत ओढून घेतो. धडकेचा धक्का टिकतो, म्हणून गोळी पोचते. ना गणकयंत्र, ना प्रोग्रॅम. एका वेळी अशी तीन-चार यंत्रं गाडीत बसवत, काही पुढच्या भागात आणि एक खात्रीसाठी आत.

यंत्र झालं तरी गाडी पुढे सरकेना. १९७३च्या ओल्ड्समोबिल टोरोनाडोमध्ये एअरबॅग सर्वसामान्य ग्राहकाला मिळाली, पण जनरल मोटर्सने १९७४ ते ७६ मध्ये ऐच्छिक म्हणून देऊ केलेल्या गाड्या जेमतेम दहा हजार खपल्या. पुढे वॉशिंग्टनमध्ये याबाबतचे नियम झाले, मागे घेतले गेले, आणि १९८३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती माघार मनमानी ठरवली. दरम्यान मर्सिडीजने १९७१मध्ये घेतलेलं पेटंट दशकभराने एस-क्लासमध्ये उतरवलं होतं. लोकांचं मन मात्र खटल्यांपेक्षा एका अपघाताने वळलं असावं. १२ मार्च १९९० रोजी व्हर्जिनियातल्या कल्पेपरजवळ दोन क्रायस्लर लेबॅरन समोरासमोर धडकल्या. दोन्हींत एअरबॅग होती. दोन्ही चालक किरकोळ जखमांवर निभावले.

आणि मग बिघडलं. १९९० ते २००० या काळात अमेरिकेत एअरबॅगनेच जीव घेतलेल्या १७५ जणांची नोंद सरकारी यंत्रणेने केली. त्यात शंभराहून अधिक लहान मुलं होती, बरीचशी कमी वेगाच्या धडकांमधली. मला यातला मूळ दोष तांत्रिक वाटत नाही. पट्टा न बांधलेला प्रौढ पुरुष समोर धरून तिथली पिशवी जोरकस केली होती. पट्टा लोक बांधणारच नाहीत हे गृहीत धरलं आणि त्याची किंमत पुढच्या सीटवरच्या मुलांनी मोजली. वास्तविक पट्टा कधीच तयार होता: व्होल्वोच्या निल्स बोलिन यांचा तीन टोकांचा पट्टा १९५९मध्ये गाडीत आला आणि कंपनीने ते पेटंट सगळ्यांना वापरू दिलं. स्टिअरिंगवर ‘एसआरएस’ लिहिलेलं असतं, त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थच ‘पूरक’. पूरक कशाला, तर पट्ट्याला.

नुसत्या ‘हो-नाही’ सांगणाऱ्या गोळीची मर्यादाही आता दिसू लागली होती. १९९१मध्ये ॲनालॉग डिव्हायसेस कंपनीने एडीएक्सएल-५० ही चिप जाहीर केली. सिलिकॉनवर कोरलेला, समोरासमोर गुंफलेल्या दोन कंगव्यांसारखा आकार. एक कंगवा स्थिर, दुसरा सूक्ष्म स्प्रिंगांवर तरंगता. धक्का बसला की दात किंचित सरकतात, त्यांच्यातली विद्युत धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते, आणि ±५० जीपर्यंतचा धक्का आकड्यात मिळतो. म्हणजे हेट्रिक यांचं स्प्रिंगवरचं वजनच पुन्हा आलं, फक्त डोळ्यांना न दिसण्याइतकं लहान होऊन. शिवाय विजेच्या ओढीने तो कंगवा मुद्दाम हलवून ‘जागा आहेस ना?’ असं विचारता येतं. गोळीला हे विचारायची सोय नव्हती. याच जातीच्या चिपा पुढे २००६च्या निन्टेंडो वी खेळाच्या रिमोटमध्ये गेल्या, आणि मोबाइल आडवा केला की स्क्रीन फिरते तीही अशाच चिपेमुळे.

फुगवणाऱ्या रसायनाची गोष्ट मात्र संपली नव्हती. ताकाता कंपनीने अमोनियम नायट्रेट वापरलं. उष्ण-दमट हवेत वर्षानुवर्षं राहून ते बिघडे आणि पेटताना धातूचं कवचच फोडून तुकडे उडवी. अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर (पिशवी फुगवणारे भाग) परत मागवावे लागले, २०१७मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. भारतातही अनेक गाड्या बोलावून घेतल्या गेल्या.

आपल्याकडे चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली १ जुलै २०१९ला, शेजारच्या प्रवाशासाठी नव्या मॉडेलांत १ एप्रिल २०२१पासून. ४ सप्टेंबर २०२२ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी धडकली. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टा बांधला नव्हता, असं पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितलं. त्यानंतर काही दिवस मागच्या पट्ट्याची चर्चा घरोघरी झाली.

२०२३च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन बाजारांना एक वस्तू विकणं थांबवायला सांगितलं. तेव्हा १३,११८ जाहिराती काढल्या गेल्या. वस्तू होती सीटबेल्टच्या खाचेत खोचायची रिकामी क्लिप. ती खोचली की बेल्ट न लावता ‘टुंग टुंग’ बंद होते. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये अजून दोन गाड्यांत मी ती पाहिलीय. दोन्हींना सहा एअरबॅग आहेत.