घरी सलाईन-इंजेक्शन घेताना: उपचार, बिल आणि विमा
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ताप उतरलेला असतो, जेवणखाण सुरू झालेलं असतं, फक्त दिवसातून एकदा शिरेतून अँटिबायोटिक जायचं बाकी असतं. हाडात पू झाला किंवा मधुमेही पायाची जखम हाडापर्यंत गेली, तर असं इंजेक्शन चार ते सहा आठवडेही चालतं. तेवढ्यासाठी दवाखान्यात कॉट अडवून राहायचं, नाहीतर यावल-रावेरहून रोज जळगावला यायचं आणि सोबत येणाऱ्याचीही मजुरी बुडवायची. हे टळावं म्हणून होम इन्फ्युजन, म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेलं शिरेतलं औषध प्रशिक्षित नर्सने घरी येऊन देणं. उपचार तुमचे डॉक्टर ठरवतात. औषध पोहोचवणं, ते देणं, नोंदी ठेवणं आणि चोख बिल बनवणं ही आमची जबाबदारी.

आम्ही कशाला नाही म्हणतो

नव्या औषधाचा पहिला डोस, रक्त चढवणं, शिरेतून पोटॅशियम देणं हे दवाखान्यातच व्हायला हवं. लोहाच्या इंजेक्शनचंही तेच. त्याची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, म्हणून दिल्यावर निदान अर्धा तास पेशंटवर लक्ष ठेवावं लागतं आणि हाताशी डॉक्टर असावे लागतात. ज्या गावातून अर्ध्या तासात मोठा दवाखाना गाठता येत नाही तिथेही आम्ही घरी उपचार सुरू करत नाही. सातपुड्याच्या पाड्यांवरच्या लोकांना हे सांगताना वाईट वाटतं, पण रिअ‍ॅक्शन आली तर रस्ता आड येतो.

‘आप्पांना अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून द्या’ असे फोन सारखे येतात. ५०० मिलीच्या ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभर कॅलरीही नाहीत. आप्पांना तोंडाने खाता येत असेल तर कळण्याच्या एका भाकरीत त्याहून जास्त ताकद आहे. उलट हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर शिरेतून गेलेलं जादा पाणी फुप्फुसात साचून दम लागू शकतो. म्हणून चिठ्ठीशिवाय आम्ही सलाईन लावत नाही, घर ओळखीचं असलं तरी.

अँटिबायोटिकला तर कायद्यानेच चिठ्ठी लागते. सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन, मेरोपेनेम ही औषधं शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या एका कडक यादीत, येतात. ती देताना केमिस्टला डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते ३ वर्षं जपावं लागतं.

सिस्टर घरी आल्यावर

जागा मोठी लागत नाही. स्वच्छ पलंग, चांगला उजेड, हात धुवायला साबण-पाणी आणि बाटली टांगायला खिडकीचा गज किंवा भक्कम खिळा पुरतो. सिस्टर आधी औषधाचं नाव, बॅच आणि एक्स्पायरी तुम्हाला वाचून दाखवतील. मग विगोतून, म्हणजे शिरेत बसवलेल्या बारीक नळीतून, थोडं सलाईन सोडून शीर मोकळी आहे का पाहतील आणि त्यानंतरच औषध जोडतील. विगो कधी लावली ती तारीख ड्रेसिंगवर लिहिलेली असते. खाडाखोड दिसली किंवा तारीखच नसली, तर जरूर हटका.

थेंब मोजून लावलेले असतात. साध्या सेटमध्ये, म्हणजे बाटलीला जोडायच्या नळीत, २० थेंबांचा १ मिली होतो, त्यामुळे १०० मिली औषध अर्ध्या तासात द्यायचं तर मिनिटाला साधारण ६७ थेंब पडायला हवेत. सिस्टरांची नजर चुकवून घाईघाईत चक्री (नळीवरचं थेंब कमी-जास्त करायचं चाक) सैल करणारे नातेवाईक आम्हाला बऱ्याच घरांत भेटतात. कृपा करून हे करू नका. व्हँकोमायसिनसारखं औषध किमान एक तास चालवावं लागतं. ते भरभर गेलं तर अंगाला खाज सुटते, चेहरा-मान लालबुंद होते आणि बीपीही उतरू शकतं.

हात दुखला, विगोभोवती लाली किंवा सूज आली, थंडी वाजून ताप भरला तर चक्री बंद करा आणि आम्हाला फोन करा. श्वास अडकला, ओठ-जीभ सुजली किंवा चक्कर आली तर चक्री बंद करून लगेच १०८ लावा, आम्हाला नंतर कळवा. नळीतल्या एखाद्या बारीक बुडबुड्याने मात्र घाबरून जाऊ नका.

वापरलेली सुई कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. सिस्टर ती न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात घालून सोबत नेतात.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ पर्यंत चढतो, तेव्हा औषधाची काळजी घरच्यांवरच असते. ज्यावर २ ते ८ अंश लिहिलंय ते फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, बर्फाच्या कप्प्यात तर नकोच, कारण एकदा गोठलेलं औषध पुन्हा वितळलं तरी चालत नाही. लाईट गेली तर फ्रिज उघडू नका आणि बराच वेळ आली नाही तर पुढचा डोस देण्याआधी आम्हाला विचारा.

बिल कसं वाचायचं

आमच्या बिलात तीन भाग वेगळे असतात: औषध, साहित्य आणि सिस्टरांची भेट. अमेरिकेतही खासगी विम्यात औषध आणि नर्सची भेट वेगळी लावतात, तर साहित्य, पंप आणि फार्मसीचं काम मिळून दिवसाचा एक दर धरतात. आपल्याकडे तसा दिवसाचा ठरलेला दर नाही, म्हणून एकेक वस्तू लिहिलेली असणं फार महत्त्वाचं आहे.

याचं कारण विम्यात आहे. विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीत ‘तपशील न दिलेलं किट’ ही नोंदच आहे. बिलावर नुसतं ‘आयव्ही किट’ असेल तर ती रक्कम कापली जाते. म्हणून आम्ही ‘आयव्ही सेट १, विगो २२ गेज १, पारदर्शक ड्रेसिंग १, सलाईन १०० मिली १’ असं लिहितो. हातमोजे आणि खासगी नर्सचा खर्चही त्याच यादीत आहे. त्यामुळे सिस्टरांच्या भेटीचे पैसे बहुतेक वेळा तुमच्या खिशातूनच जातील असं धरून चाला. मिळतील असं खोटं आश्वासन आम्ही देणार नाही.

औषधाचे पैसे मिळण्याचा मुख्य रस्ता म्हणजे डिस्चार्जनंतरचा खर्च. आरोग्य संजीवनी पॉलिसीत तो ६० दिवसांपर्यंत धरतात, इतर पॉलिसींत मुदत वेगळी असू शकते. ज्या आजारासाठी अ‍ॅडमिट होता त्याच आजाराचं औषध हवं आणि अ‍ॅडमिशनचा क्लेम मंजूर झालेला हवा.

दुसरा रस्ता ‘डोमिसिलियरी’, म्हणजे घरी घेतलेल्या उपचारांच्या, कलमाचा. पेशंट हलवण्याच्या स्थितीत नाही किंवा रुग्णालयात जागाच नाही, म्हणून घरी उपचार करावे लागले तर ते लागू होतं. सोयीसाठी घरी घेतलेला उपचार त्यात बसत नाही, आणि नेमक्या याच गैरसमजातून बरेच क्लेम फेटाळले जातात.

म्हणून घरी उपचार सुरू होण्याआधीच पॉलिसीचं पुस्तक आणि डिस्चार्ज कार्ड आम्हाला दाखवा. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी औषधाचं नाव, मात्रा, ‘शिरेतून’ आणि किती दिवस हे चारही लिहिलेलं असावं, उदाहरणार्थ ‘सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन २ ग्रॅम, शिरेतून, रोज एकदा, १४ दिवस’. नुसतं ‘अँटिबायोटिक चालू ठेवणे’ असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या. महिन्याभराने तोच कागद दुरुस्त करायला गेलात तर हेलपाटे पडतात. सोबत मूळ बिलं, पावत्या, रक्त-तपासणीचे रिपोर्ट आणि सिस्टरांचा रोजचा सहीचा चार्ट जोडायचा.

आयुष्मान भारत किंवा महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार झाले असतील तर आमच्याकडे पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटा. या योजनांच्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतरच्या काही दिवसांची औषधं धरलेली असतात, आणि ती तिथूनच घ्यायची असतात.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीकडेच तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाता येतं. आपल्या भागासाठी त्यांचं कार्यालय पुण्यात आहे आणि तक्रारीला फी लागत नाही. लागेल तो चार्ट आणि बिलाची प्रत आम्ही पुन्हा काढून देतो.

डॉक्टरांनी औषध मध्येच थांबवलं तर न उघडलेल्या, फ्रिजमध्ये न ठेवाव्या लागणाऱ्या व्हायल (इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या) आम्ही परत घेतो आणि त्याची क्रेडिट नोट, म्हणजे तेवढे पैसे परत केल्याचा कागद, देतो. ती क्लेमच्या कागदांत लावायलाच हवी, कारण परत मिळालेले पैसे विम्याकडून मागता येत नाहीत. फ्रिजमधलं औषध मात्र परत घेता येत नाही, म्हणून आम्ही ते एका वेळी आठवड्यापुरतंच देतो.