दुसऱ्याची डिस्क

भाचीचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट पावसाचा होता. गच्चीवर एक रास्पबेरी पाय, म्हणजे लिनक्सवर चालणारा छोटासा संगणक, त्याला पर्जन्यमापक आणि तापमानाचा सेन्सर जोडलेला. जून ते ऑगस्ट, दर पाच मिनिटांनी एक नोंद, रोजची एक फाइल, सगळं ३२ जीबीच्या मेमरी कार्डावर. सप्टेंबरात तिनं कार्ड काढून आपल्या विंडोजच्या लॅपटॉपमध्ये घातलं. दोन ड्राइव्ह दिसले. पहिला उघडला, पण त्यात तिच्या कामाचं काही नव्हतं. दुसऱ्यावर क्लिक केलं तर खिडकी आली: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?

तिनं ‘हो’ म्हटलं. पाच मिनिटांनी फोन आला, “मामा, तीन महिन्यांचा पाऊस गेला.”

मी तिला तेव्हा एकच सांगितलं: कार्ड बाहेर काढ आणि त्यावर आता काहीही लिहू नकोस.

अशा वेळी कार्डावर नेमकं काय होतं, हे कळायला डिस्ककडे जमिनीसारखं बघावं लागतं. डिस्क म्हणजे क्रमांक घातलेल्या, सारख्या मापाच्या तुकड्यांची रांग. एक तुकडा बहुधा ५१२ बाइटचा. ३२ जीबीच्या कार्डावर असे सहा कोटींहून जास्त तुकडे असतात. डिस्कला स्वतःला ‘फाइल’, ‘फोल्डर’, ‘नाव’ यातलं काहीच माहीत नसतं. कोणता तुकडा कोणाचा, फाइल कुठे सुरू होते आणि पुढे कुठे जाते, हे सांगणारी नोंदवही वेगळी असते आणि तीही त्याच डिस्कवर लिहिलेली असते. रानात बांध दिसतो, मालकाचं नाव दिसत नाही. ते बघायला तलाठ्याकडचा सातबारा लागतो. डिस्कच्या या सातबाऱ्याला फाइल सिस्टीम म्हणतात, आणि फॉरमॅट करणं म्हणजे मुख्यतः कोरी नोंदवही घालणं.

अडचण अशी की प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमनं आपापली नोंदवही आखली. विंडोजची एनटीएफएस, मॅकची आधी एचएफएस प्लस आणि २०१७ पासून एपीएफएस, लिनक्सवर बहुतेक ठिकाणी ईएक्सटी४. डिस्क लावली की सिस्टीम ठरावीक जागी ओळखीची खूण शोधते. एनटीएफएसमध्ये पहिल्याच तुकड्यात, चौथ्या बाइटपासून, रोमन अक्षरांत तिचं नावच लिहिलेलं असतं. ईएक्सटी कुटुंबात पहिले १,०२४ बाइट मोकळे सोडून मग ‘सुपरब्लॉक’, म्हणजे वहीचं पहिलं पान, येतो आणि त्याच्या पोटात दोन बाइटची ठरलेली खूण असते. विंडोजला ही दुसरी खूण मुळात शिकवलेली नाही. त्यामुळे तिच्या लेखी ईएक्सटी४ची भरलेली डिस्क आणि कारखान्यातून आलेली कोरी डिस्क या सारख्याच.

गावाकडच्या जुन्या जमिनीच्या कागदांचं असंच असतं. कागद शाबूत, शाई शाबूत, पण लिपी मोडी. घरात कोणालाच वाचता येत नाही, म्हणून तो कागद कोणी कोरा समजत नाही. मोडी वाचणारा शोधतात. संगणकानं मात्र ‘मला वाचता येत नाही’ म्हणण्याऐवजी ‘पुसून टाकू का?’ असं विचारावं, हे मला फार चुकीचं वाटतं. ‘या डिस्कवर माझ्या ओळखीची नोंदवही नाही, दुसऱ्या सिस्टीमवर लावून बघा’ एवढं वाक्य पुरेसं झालं असतं.

भाचीला दोन ड्राइव्ह का दिसले, तेही यातूनच कळतं. रास्पबेरी पाय सुरू होताना जो पहिला छोटा प्रोग्राम चालतो, त्याला फक्त ‘फॅट’ ही नोंदवही वाचता येते. म्हणून कार्डाचा एक लहान भाग फॅटमध्ये आणि उरलेला मोठा भाग ईएक्सटी४मध्ये असतो. फॅट तिच्या लॅपटॉपलाही येत होती, म्हणून तो भाग उघडला.

ही फॅट १९७७ सालची. मायक्रोसॉफ्टमध्ये मार्क मॅकडोनाल्ड यांनी ती फ्लॉपीसाठी लिहिली. तिची कल्पना अगदी साधी आहे: एक तक्ता, त्यात प्रत्येक गाळ्यासमोर (गाळा म्हणजे सलग तुकड्यांचा एक गट) पुढच्या गाळ्याचा क्रमांक. पहिल्या गाळ्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा, शेवटी ‘संपलं’ अशी खूण. इतकं साधं असल्यामुळे कॅमेरा, टीव्ही, गाडीतला म्युझिक प्लेयर, अशा ज्यांच्यात फारशी ताकद नसते त्या यंत्रांनाही ते जमतं. नोंदवह्यांमधली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात अडाणी अशी ही वहीच सगळ्यांची बोलीभाषा झाली.

त्याची किंमत आपण मोजतो. १९९६ साली आलेल्या फॅट३२मध्ये फाइलचा आकार लिहायला ३२ बिटांचीच जागा आहे. त्यामुळे एक फाइल जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ बाइटची, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. पेनड्राइव्हवर ५० जीबी मोकळे असताना लग्नाचा एक व्हिडिओ ‘फार मोठा आहे’ म्हणून नाकारला जातो, त्याचं कारण एवढंच. फाइलचा मालक कोण, कोणी वाचावी, कोणी बदलावी, हे लिहायलाही फॅटमध्ये रकाना नाही. वेळ लिहिते ती दोन-दोन सेकंदांच्या पायऱ्यांनी, आणि ती वेळ पुण्याची की न्यू जर्सीची हे लिहीतच नाही.

फॅटची मोठी बहीण एक्सफॅट २००६ साली आली. तिनं ४ जीबीची भिंत पाडली, मोठ्या एसडी कार्डांसाठी तीच प्रमाण ठरली, पण तिच्यावर पेटंटचा पहारा होता. त्याची भीती नुसती कागदावरची नव्हती. २००९ साली मायक्रोसॉफ्टनं दिशादर्शक यंत्रं बनवणाऱ्या टॉमटॉमवर जो दावा लावला, त्यात फॅटमध्ये लांब नावं लिहिण्याच्या युक्तीची पेटंटंही होती. टॉमटॉमनं तडजोड केली. एक्सफॅटचा तपशील मायक्रोसॉफ्टनं ऑगस्ट २०१९ मध्ये खुला केला आणि त्याच वर्षी लिनक्सच्या ५.४ या आवृत्तीत तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती वही वाचणारा-लिहिणारा प्रोग्राम, आला. आज विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीकडे डिस्क फिरवायची असेल तर मी डोळे झाकून एक्सफॅट निवडतो. पण ती फक्त ने-आण करायला. एकमेव प्रत त्या डिस्कवर ठेवू नये, कारण तिच्यात फेरफार नोंदवही नाही.

गावात जमिनीचा व्यवहार झाला की तो आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत चढतो. प्रमाणित झाला की मग सातबारा बदलतो. एनटीएफएस, एचएफएस प्लस आणि ईएक्सटी४ नेमकं हेच करतात. नोंदवहीत काय बदलणार आहोत हे आधी एका वेगळ्या जागी लिहायचं, मग खरा बदल करायचा. मधेच वीज गेली तर पुढच्या वेळी ती जागा वाचून अर्धवट काम पूर्ण करायचं किंवा सोडून द्यायचं.

परक्या डिस्कवरून वाचणं सोपं आणि तिच्यावर लिहिणं अवघड का, याचं उत्तर इथे आहे. वाचणाऱ्याला फक्त आपल्याला हवा तो उतारा सापडायला हवा. लिहिणाऱ्याला फेरफार, मोकळ्या जागेचा हिशेब, नावांची यादी, सगळीकडे एकमेकांशी जुळतील अशा नोंदी कराव्या लागतात आणि त्यातली एक जरी चुकली तरी आधीची सगळी वही संशयास्पद होते. मॅक आजही एनटीएफएसची डिस्क वाचू देतो, तिच्यावर लिहू देत नाही, ते यामुळेच. काहींना हा आडमुठेपणा वाटतो. मला ती सावधगिरी वाटते.

लिनक्सवाल्यांनी हे अंतर कसं कापलं, ते चिकाटीचं काम आहे. एनटीएफएस १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आली, पण तिचा पूर्ण नकाशा बाहेर कोणाकडे नव्हता. डिस्कवर एखादी फाइल ठेवायची, कोणते बाइट बदलले ते बघायचं, अंदाज बांधायचा, पुन्हा तपासायचं, असं करत नव्वदच्या दशकात वाचणारा ड्रायव्हर तयार झाला. लिहिण्याची सोय आली तेव्हा ती बराच काळ इतकीच होती: आधीपासून असलेल्या फाइलमधला मजकूर बदला, पण तिची लांबी बदलू नका. लांबी बदलली नाही तर नोंदवहीला फारसा हात लावावा लागत नाही ना! बिनधोक लिहू देणारा एनटीएफएस-३जी हा ड्रायव्हर २००७ साली स्थिर झाला, आणि पॅरागॉन या कंपनीनं दिलेला पूर्ण ड्रायव्हर खुद्द लिनक्सच्या गाभ्यात आला तो २०२१ मध्ये. म्हणजे जन्मानंतर २८ वर्षांनी.

आणि तरीही एक खड्डा उरतोच. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांना तो हमखास लागतो. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. संगणक बंद केला असं आपल्याला वाटतं, पण विंडोजचा गाभा झोपवून ठेवलेला असतो आणि त्याच्या आठवणीत डिस्कची नोंदवही उघडीच असते. अशा वेळी लिनक्सनं त्या डिस्कवर काही लिहिलं आणि मग विंडोज जागं झालं, तर ते आपल्या जुन्या आठवणीवर विसंबून वहीत भर घालणार. म्हणून लिनक्स तिथे लिहायला नकार देतं. त्यावर उपाय म्हणून जबरदस्तीनं लिहू देणाऱ्या आज्ञा शोधत बसू नये. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करावं.

आता नावांचं. देवनागरीत लिहिणाऱ्यांना हे माहीत असायलाच हवं.

एनटीएफएस आणि ईएक्सटी४ दोन्ही म्हणतात की फाइलचं नाव २५५ पर्यंत चालेल. पण २५५ काय? एनटीएफएस १६ बिटांची एककं मोजते, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह एका एककात बसतं. ईएक्सटी४ बाइट मोजते, आणि लिनक्सवर नावं ज्या यूटीएफ-८ पद्धतीत लिहिली जातात तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे तिथे आपल्या वाट्याला आली फक्त ८५ चिन्हं. त्यात मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात: ‘ज्ञानेश्वरी’ या शब्दात ११ चिन्हं आहेत, ३३ बाइट. विंडोजवर लांबलचक मराठी नाव दिलेला एखादा लेख लिनक्सच्या डिस्कवर जाताना अडतो आणि इंग्रजी नावाचा तेवढाच लांब लेख सहज जातो, त्यात फाइलचा काही दोष नसतो.

दुसरी गोष्ट याहून बारीक आहे. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ या शब्दांतला तो अर्धा, कोयत्यासारखा र. युनिकोडमध्ये त्यासाठी ‘ऱ’ असं स्वतंत्र चिन्ह आहे. पण तेच चिन्ह ‘र’ अधिक खालचा नुक्ता, असं दोन चिन्हांतही लिहिता येतं, आणि युनिकोडच्या नियमानं दोन्ही सारखेच. एचएफएस प्लसची नोंदवही नाव लिहून घेताना अशी जोडचिन्हं फोडून ठेवते. मॅकवरच्या जुन्या डिस्कवर ‘दुसऱ्या दिवसाचे फोटो’ असं फोल्डर केलं, की नोंदवहीत ‘ऱ’च्या जागी र आणि नुक्ता जातात. हे फोल्डर लिनक्सवर आणलं तर दिसायला तेच नाव, पण बाइट वेगळे. ईएक्सटी४ साधारणपणे बाइटच जुळवते, त्यामुळे तिथे ‘दुसऱ्या दिवसाचे फोटो’ नावाची दोन फोल्डर शेजारी शेजारी राहू शकतात. कळफलकावरून नाव टाइप करून शोधलं तर त्यातलं एक सापडतं, दुसरं सापडत नाही. डोळ्यांना फरक दिसत नाही, म्हणून माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो. इंग्रजी मुळाक्षरांत लिहिणाऱ्याला हा त्रास होत नाही. फ्रेंच, व्हिएतनामी, कोरियन आणि आपल्याला होतो.

यातून सुटण्याचा एक मार्ग आहे: डिस्क द्यायचीच नाही, डिस्क वाचता येणाऱ्याला मधे बसवायचं. ऑफिसातल्या सर्व्हरवरची डिस्क ईएक्सटी४ असली तरी तुमचं विंडोज त्यावरच्या फायली उघडतं, कारण नोंदवही सर्व्हर वाचतो आणि नेटवर्कवरून फक्त फाइल देतो. अँड्रॉइड फोन केबलनं जोडल्यावर पूर्वी तो पेनड्राइव्हसारखा दिसायचा; आता फोन स्वतः दारात उभा राहून मागेल ती फाइल काढून देतो. विंडोजमध्येही आता एक लिनक्स चालवता येतं आणि त्याच्याकडून ईएक्सटी४ची डिस्क वाचून घेता येते. मोडीच्या जाणकाराला घरीच बोलावल्यासारखं.

भाचीचं कार्ड मी लिनक्सवर लावलं, पण त्याला हात लावला नाही. आधी सगळ्या तुकड्यांची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि काम नकलेवर केलं. झटपट फॉरमॅटनं सुरुवातीच्या काही एमबीवर फॅटचा कोरा तक्ता लिहिला होता, त्यात सुपरब्लॉक गेला होता. पण ईएक्सटी४ आखणाऱ्यांनी हे गृहीत धरलेलं आहे. सुपरब्लॉकच्या प्रती डिस्कभर पेरलेल्या असतात, पहिली सहसा ३२,७६८ क्रमांकाच्या गाळ्यात, म्हणजे १२८ एमबी आत. दुरुस्तीच्या प्रोग्रामला तो क्रमांक सांगितला आणि त्यानं तिथून वही पुन्हा जुळवायला घेतली. (हे एसएसडीवर झालं असतं तर आशा कमी होती, फॉरमॅट करताना तिला ‘हे तुकडे आता मोकळे’ असं कळवलं जातं आणि ती ते खरोखरच साफ करून टाकते.)

फायली आल्या, नावं आली नाहीत. ईएक्सटीमध्ये फाइलचा मजकूर कुठे आहे हे एका ठिकाणी आणि तिचं नाव फोल्डरच्या यादीत दुसऱ्या ठिकाणी असतं. यादी डिस्कच्या सुरुवातीला होती, ती गेली. ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या फोल्डरात नुसत्या आकड्यांच्या फायली एकाखाली एक उभ्या होत्या. पण प्रत्येकीच्या आत, प्रत्येक ओळीला, तारीख आणि वेळ होती. भाची रात्री उशिरापर्यंत बसून एकेक उघडत होती आणि नावं देत होती. दोन दिवस सापडले नाहीत. बाकीचा पाऊस आहे.