बूशेची गुटगुटीत पोरं आणि त्यांचा टेलिस्कोप

न्यूयॉर्कच्या फ्रिक म्युझियममधे आठ पॅनलचा एक सेट आहे, फ्रेंच चित्रकार फ्रान्स्वा बूशे आणि त्याच्या स्टुडिओने 1750 ते 53 च्या सुमारास रंगवलेला, त्यात गुटगुटीत पोरं मोठ्यांची कामं करतायत. एका पॅनलवर दोन चित्रं, म्हणजे एकूण सोळा. शिकार, मासेमारी, गाणं, नाच आणि त्यांच्याच जोडीला खगोलशास्त्र, केमिस्ट्री, पाण्याचं शास्त्र. लोक "किती गोड" म्हणत पुढे जातात, पण मला त्यातली ही सरमिसळच सगळ्यात भारी वाटते, कारण त्या काळच्या फ्रान्समधे पैसेवाल्यांसाठी विज्ञान ही संध्याकाळच्या करमणुकीचीच गोष्ट होती.

नोले नावाचा एक पाद्री होता, विजेचे प्रयोग करून दाखवायचा. 1746 साली त्याने राजाच्या 180 शिपायांना हातात हात धरून उभं केलं, लायडन जारमधली (वीज साठवायची काचेची बरणी) वीज सोडली आणि सगळेच्या सगळे एकदम उडाले, पंधरावा लुई स्वतः बघत होता! असले डेमो बघायला बायका-पुरुष गर्दी करायचे, घरी यंत्रं विकत घेऊन ठेवायचे, शंख-शिंपले आणि खनिजं जमवायचे. बूशेही त्यातलाच. 1736 मधे जेर्सां या व्यापाऱ्याने शंखांच्या लिलावाचा कॅटलॉग काढला त्याचं पहिलं चित्र बूशेचं, आणि त्याचा स्वतःचा शंख-खनिजांचा संग्रह तो गेल्यावर 1771 मधे लिलावात निघाला. म्हणजे हा माणूस विज्ञानाचं नुसतं डेकोरेशन करत नव्हता, त्याला मनापासून ओढ होती.

हे पॅनल मादाम द पोंपादूरच्या क्रेसीच्या वाड्यासाठी केले असं मानत आलेत. ती राजाची प्रेयसी, क्रेसी तिच्याकडे 1746 मधे आलं. चित्रकार ला तूरने रंगीत खडूंनी केलेल्या तिच्या 1755 च्या चित्रात तिच्या शेजारच्या टेबलावर लेखक दिदरोच्या विश्वकोशाचा चौथा खंड ठेवलाय, तेही सरकारने त्या कामावर 1752 मधे एकदा बंदी घातलेली असताना, त्यामुळे तिची आवड दिखाव्यापुरती होती असं मला तरी वाटत नाही.

पाण्याचं शास्त्र करमणुकीत कसं, असं वाटेल. पण कारंजी उडवायची तर पाणी वर चढवायला हवं, आणि व्हर्सायच्या राजवाड्यासाठी सेन नदीवर 1684 पासून मार्लीचं यंत्र चालू होतं, 14 मोठाली चाकं लावून. बागेतल्या सगळ्या मौजेमागे हे इंजिनिअरिंग होतं.

क्रेसीचा वाडा फ्रेंच क्रांतीनंतर बराचसा पाडला गेला. पॅनल 1916 मधे हेन्री फ्रिकने घेतले (म्युझियमला ज्याचं नाव आहे तो), बायकोच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत लावले, पुढे ते खाली आले आणि 2025 मधे म्युझियम परत उघडलं तेव्हा पुन्हा वर गेले. जाणं झालं तर खगोलशास्त्र आणि केमिस्ट्रीसमोर जरा जास्त वेळ थांबा.