एकवीस दिवसांत सवय? हा आकडा नाकावरून आलाय!

‘एकवीस दिवस गोड सोडा, मग आयुष्यभर आठवणही येणार नाही.’ व्हॉट्सअ‍ॅपवर हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. बाविसाव्या दिवशी बासुंदी समोर आली की माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. खोट आकड्यात आहे.

मुळात तो आहारातून आलेलाच नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे अमेरिकी प्लास्टिक सर्जन होते. नाकाची शस्त्रक्रिया झालेल्यांना आरशातला नवा चेहरा आपला वाटायला साधारण २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण. १९६० साली त्यांनी ते लिहिलं, तेही ‘किमान’ म्हणून. पुढे सांगणाऱ्यांनी ‘किमान’ गाळलं, आणि नाकही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एकेक सवय निवडायला लावली; दुपारच्या जेवणाबरोबर फळ, अशा बेताची. २०१० साली छापून आलेला निष्कर्ष असा: सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस. कुणाला १८ पुरले, कुणाचा हिशेब २५४ वर गेला. मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

तेव्हा चहातली साखर दोन चमच्यांवरून दीड, महिन्याभराने एक, असं उतरायला हरकत नाही. रात्रीच्या एका पोळीच्या जागी भाकरी, पण रोज त्याच जेवणात. अभ्यासातल्या सवयीही अशाच ठरावीक वेळेला बांधलेल्या होत्या. बासुंदी खाल्ली तर खाल्ली. सकाळच्या चहात पुन्हा दीडच चमचा.