द्वितीय भाषा संपादन

पहिल्या भाषेचा पाया बसल्यावर माणूस आणखी एखादी भाषा कशी आत्मसात करतो, कुठे अडतो आणि शिकवण्याने त्यात किती फरक पडतो, याचा अभ्यास करणारी उपयोजित भाषाविज्ञानाची शाखा. ‘द्वितीय’ हा शब्द सैलपणे घ्यायचा. तिसरी-चौथी भाषाही यातच येते. इंदूरच्या मराठी घरांत तर क्रम लावणेच कठीण. होळकरांच्या काळापासून इथे वसलेल्या घरांतले मूल आधी मराठी ऐकते, पण गल्लीत आणि शाळेत पाय ठेवला की हिंदी बघताबघता पुढे निघून जाते. आजी मराठीत विचारते, नातू हिंदीत उत्तर देतो आणि दोघांचेही काही अडत नाही. घरात ऐकलेल्या, पण बाहेरच्या भाषेने मागे टाकलेल्या अशा भाषेला ‘वारसाभाषा’ म्हणतात. तिला द्वितीय भाषेचे सगळेच सिद्धांत थोडेथोडे लागू पडतात, म्हणून पुढची उदाहरणे याच घरातली घेतली आहेत.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भाषा म्हणजे सवय, असे मानले जाई. जुन्या सवयी नव्या भाषेत शिरतात. तेव्हा दोन भाषांतले फरक काढले की चुका आधीच सांगता येतील, हा रॉबर्ट लाडो यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या व्यतिरेकी विश्लेषणाचा आधार. त्यात तथ्य आहेच. हिंदीत ‘पुस्तक’ स्त्रीलिंगी, म्हणून इंदुरी मूल ‘माझी पुस्तक’ म्हणते. हिंदीत ‘ळ’ नाही, म्हणून ‘बाळ’चे ‘बाल’ होते. (शेजारच्या मालवीत मात्र ‘ळ’ आहे. ती ऐकत वाढलेल्याची जीभ इथे अडत नाही. ‘हिंदी भाषक’ हा एकच गट धरला की भाकित असे फसते.)

भाषा ही नुसती सवय आहे या मताला मोठा धक्का भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये सवयवादी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या पुस्तकावर लिहिलेल्या परीक्षणाने दिला. मग चुकांकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये म्हटले, की चूक हा शिकणाऱ्याच्या मनात घडत असलेल्या व्यवस्थेचा पुरावा आहे. या व्यवस्थेला लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये ‘आंतरभाषा’ हे नाव दिले: धड पहिली नाही, धड दुसरी नाही, पण स्वतःचे नियम असलेली. ‘मीने पोहे खाल्ले’ हे वाक्य घ्या. हिंदीतल्या ‘मैंने’ची ही सावली म्हणता येईल. पण मराठीतच ‘त्याने खाल्ले’, ‘ताईने खाल्ले’ असताना मुलाने नियम सरळ पुढे चालवला, असेही म्हणता येईल. एकट्या वाक्यावरून निवाडा होत नाही. आपल्याला चूक दिसते; मुलाच्या लेखी तो नियम असतो.

शिक्षकांवर सर्वाधिक प्रभाव पडला तो स्टीफन क्रॅशन यांचा. नकळत होणारे ‘संपादन’ आणि जाणीवपूर्वक केलेले ‘अध्ययन’ वेगळे, आणि समजेल पण किंचित पुढचे असे बोलणे भरपूर कानावर पडले की भाषा येते, हे त्यांचे म्हणणे. भीती किंवा संकोच असला तर ऐकलेले आत मुरत नाही, हे त्याला जोडलेले कलम. सुट्टीत पुण्याहून आलेली भावंडे एकदा ‘माझी पुस्तक’वर खदखदून हसली, की मूल पुढचे चार दिवस मराठीत तोंड उघडत नाही. ते कलम इथे चोख लागू पडते.

पण नुसते ऐकून भागते का? कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणारी इंग्रजी भाषक मुले वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकत होती. त्यांना समजे उत्तम, पण बोलण्यातले व्याकरण लंगडे राही. त्यावरून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडले, की स्वतः बोलावे लागते तेव्हाच आपल्याला काय येत नाही ते कळते. वर सांगितलेला नातू याचे चालते-बोलते उदाहरण. मराठी त्याच्या कानात आहे, जिभेवर नाही. कारण हिंदी समजणाऱ्या आजीने त्याला कधी अडवलेच नाही.

मायकेल लाँग यांनी भर दिला तो संवादात अर्थ अडतो त्या क्षणावर. हिंदीत ‘हम’ एकच. मराठीत ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’, वगळून ‘आम्ही’. नातू म्हणतो, “आजी, आम्ही बागेत जाऊ.” आजी विचारते, “आणि मी घरीच बसू?” तो गोंधळतो, आणि ‘आपण’ त्याला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने ऐकू येते. रिचर्ड श्मिट यांच्या १९९० च्या मांडणीत हेच ‘लक्षात येणे’; त्यावाचून ऐकलेले आत्मसात होत नाही.

अध्यापनात या सगळ्याचे पडसाद उमटले. आधी भाषांतर आणि व्याकरण; आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर पिढ्यानपिढ्या इंग्रजी शिकल्या. पुढे सवयवाद्यांची घोकंपट्टी, मग संवादावर भर. भारतातला महत्त्वाचा प्रयोग एन. एस. प्रभू यांचा. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत चाललेल्या बंगलोर प्रकल्पात व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून मुलांना इंग्रजीतून कोडी, वेळापत्रके, नकाशे सोडवायला दिले. लक्ष उत्तरावर, भाषा ओघाने. मराठीच्या वर्गातही हे सहज जमते: एकाकडे राजवाड्यापासून रामबागेपर्यंतचा नकाशा, दुसऱ्याकडे कोरा कागद, आणि रस्ता मराठीतूनच सांगायचा. ‘डावीकडे’, ‘ओलांडून’, ‘समोरच्या’ हे शब्द मग पाठ करावे लागत नाहीत.

चूक कशी दुरुस्त करावी, यावर मात्र अजून वाद आहे. मुलाने “माझी पुस्तक कुठे आहे?” विचारल्यावर आजी न टोकता “तुझं पुस्तक टेबलावर आहे” म्हणते, या पुनर्मांडणीने संवाद तुटत नाही. लिस्टर आणि रांता यांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच वर्गांच्या अभ्यासात दाखवले, की शिक्षक हाच मार्ग सर्वाधिक वापरतात, पण आपले वाक्य सुधारून म्हणणारी मुले त्यातून कमीच निघतात. मुलाला हवे होते पुस्तक, ते मिळाले. ‘तुझं’ त्याने ऐकलेच नाही.